वखारीतला हिशेब

लाकडाची वखार तुम्ही पाहिली असेल. मालेगावसारख्या गावात एका बाजूला बाभळीचे ओंडके रचलेले असतात, तर दुसऱ्या बाजूला फोडलेल्या लाकडांचे ढीग असतात. मध्ये वजनाचा मोठा काटा असतो. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांत गॅस पोहोचला. तरीही जळाऊ लाकडाचे गिऱ्हाईक संपलेले नाही. लग्नाच्या दावतीसाठी देगा लाकडाच्या चुलीवरच चढतात. बेकरीची भट्टी आणि अंघोळीच्या पाण्याचा बंब यांनाही लाकूड लागते.

वखारीत गेलो, की आपण पहिला प्रश्न विचारतो, “लाकूड काय भाव?” वखारवाले चाचा झटकन भाव सांगतात. पण तो भाव त्यांनी कसा ठरवला? चला, आज तो हिशेब करून पाहू.

समजा, तुमच्या मोठ्या भावाने एक छोटी वखार टाकली. त्याने १०० किलो ओले लाकूड ५ रुपये किलोने घेतले. त्याचे झाले ५०० रुपये. टेम्पोचे भाडे आणि हमाली ४० रुपये, लाकूड फोडण्याची मजुरी ६० रुपये. एकूण खर्च ६०० रुपये. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) भावाने ६०० ला १०० ने भागले. एका किलोला ६ रुपये खर्च आला. मग त्याने ७ रुपये भाव लावला. किलोमागे एक रुपया नफा होणार, म्हणून तो खूश झाला. लाकूड वाळले, सगळे विकले गेले. त्याने गल्ला मोजला, तर त्यात फक्त ५२५ रुपये! पंचाहत्तर रुपयांचा तोटा झाला. पैसे गेले कुठे?

पैसे कोणी चोरले नाहीत. ते हवेत उडून गेले! ताज्या तोडलेल्या लाकडात पुष्कळ पाणी असते. कधी कधी तर वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पाणीच असते. आपल्या उदाहरणात १०० किलोंपैकी ४० किलो पाणी होते, असे धरू. म्हणजे खरे लाकूड ६० किलो. उन्हावाऱ्यात सगळेच पाणी निघून जात नाही. वाळलेल्या लाकडातही वजनाचा सुमारे पाचवा भाग पाणी उरते. येथे ६० किलो लाकडाबरोबर १५ किलो पाणी राहिले. वजन भरले ७५ किलो. भावाने घेतले १०० किलो, विकायला उरले ७५ किलो. ६०० ला ७५ ने भागा. एका किलोचा खरा खर्च ८ रुपये येतो. भाऊ ते ७ रुपयांना विकत होता!

हिशेब अजून संपलेला नाही. वखारीच्या जागेचे भाडे महिन्याला ३,००० रुपये आहे आणि महिन्याला ६,००० किलो लाकूड विकले जाते. म्हणजे किलोमागे ५० पैसे भाडे. भाऊ सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबतो. त्याची स्वतःची मजुरी महिन्याला ९,००० रुपये धरली, तर किलोमागे दीड रुपया होतो. पुष्कळ छोटे दुकानदार हीच रक्कम विसरतात. आता बेरीज करा : ८ आणि अर्धा आणि दीड, म्हणजे १० रुपये. शिवाय काही माल पावसात भिजतो, काही उधारी बुडते. त्यासाठी आणि नफ्यासाठी एक रुपया धरला, तर भाव होतो ११ रुपये.

शेजारचा वखारवाला १० रुपयांनी विकू लागला तर? तर भावाने आपली मर्यादा ओळखली पाहिजे. दहाच्या खाली गेल्यास त्याची मजुरी कमी होते. साडेआठच्या खाली गेल्यास भांडवलाला हात लागतो.

अशा वेळी मनात एक मोह येतो : ओलेच लाकूड सुक्याच्या भावाने का विकू नये? वजन जास्त भरेल! पण ओले लाकूड धूर करते. त्याची बरीच उष्णता पाणी आटवण्यातच जाते. गिऱ्हाईक पाण्याचे पैसे देते आणि वर डोळेही चोळत बसते.

हजरत मुहम्मद पैगंबर (स.) एकदा बाजारातून जात होते. त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने धान्य भिजले आहे, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला हवे होते, असे त्यांनी त्याला बजावले. ही शिकवण लाकडालाही लागू पडते.

म्हणून चांगला वखारवाला दोन ढीग ठेवतो आणि दोन भाव सांगतो. ओल्याचा भाव किती असावा? १०० किलो ओले लाकूड वाळून ७५ किलो होते. त्याचे ११ रुपयांप्रमाणे ८२५ रुपये होतात. म्हणून ओल्याचा भाव सव्वाआठ रुपयांच्या वर जाऊ नये. यापेक्षा जास्त घेणे म्हणजे पाणी विकणे होय.

तुम्हीही लाकूड पारखून घ्या. सुक्या लाकडाची टोके तडकलेली असतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले, की खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो.

भाव, नफा, तोटा हे सारे हिशेबाने ठरते. पण गिऱ्हाईक पुन्हा त्याच वखारीत येते, ते विश्वासाने.

शब्दार्थ
वखार – लाकूड साठवून विकण्याची जागा
ओंडका – झाडाच्या खोडाचा जाड तुकडा
भांडवल – धंद्यात घातलेला पैसा
गल्ला – दुकानात जमलेली रक्कम

स्वाध्याय
१. भावाला तोटा का झाला?
२. छोटे दुकानदार कोणती रक्कम विसरतात?
३. वखारवाला दोन ढीग का ठेवतो?
४. ‘किंमत, नफा, हिशेब, खर्च’ हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.