ड्राफ्टला स्वतः जावे का?
(आइस हॉकीच्या निवडपद्धतीवरून एक अभ्यासपाठ)



हॉकी म्हटले की आपल्या ग्वाल्हेरकरांना कॅप्टन रूपसिंग आठवतात. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले, आणि त्यातले १० गोल एकट्या रूपसिंगांचे होते. त्याच लॉस एंजेलिसमध्ये जून २०२५ मध्ये हॉकीचाच एक मोठा कार्यक्रम झाला. मात्र ती हॉकी वेगळी, बर्फावरची; आणि त्या कार्यक्रमात खेळ असा झालाच नाही. एका नाट्यगृहात माणसे बसली होती आणि एकेक नाव पुकारले जात होते. या कार्यक्रमाला ड्राफ्ट म्हणतात.

ज्या कार्यक्रमात फक्त नावे वाचली जातात, तो पाहायला शेकडो मैलांचा प्रवास करून जाण्यात काही अर्थ आहे का? कॅनडा-अमेरिकेत हा प्रश्न दरवर्षी खेळाडूंच्या घरी, प्रेक्षकांत आणि खुद्द संघांतही विचारला जातो. या पाठात आपण त्याचे उत्तर शोधू.

ड्राफ्ट म्हणजे काय?

आइस हॉकीत खेळाडू स्केट घालून बर्फावरून धावतात आणि चेंडूऐवजी रबराची जाड चकती मारतात. या खेळाची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्यात आज अमेरिका आणि कॅनडा मिळून ३२ संघ आहेत. दरवर्षी नव्या दमाचे तरुण खेळाडू या संघांनी आपसांत वाटून घेण्याची जी पद्धत, तिचे नाव ड्राफ्ट.

आपल्याला लिलाव ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला आणि कर्णधार हरमनप्रीतसिंगवर ७८ लाखांची बोली लागली. लिलावात ज्याची बोली मोठी त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, क्रम असतो. मागच्या हंगामात जे संघ तळाला राहिले त्यांना आधी निवडण्याची संधी, विजेत्याला सर्वांत शेवटी. हेतू असा की दुबळ्यांनाही चांगले खेळाडू मिळावेत. मुद्दाम हरून कोणी पहिला क्रमांक लाटू नये म्हणून वरच्या क्रमांकांसाठी आधी सोडत काढतात. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्स या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता अवघी ३.५ टक्के होती, तरी सोडत त्यांच्याच नावाने निघाली!

निवडीच्या एकूण सात फेऱ्या असतात. ३२ गुणिले ७, म्हणजे सुमारे २२४ नावे. पहिली फेरी पहिल्या दिवशी संध्याकाळी थाटामाटात होते. उरलेल्या सहा फेऱ्या दुसऱ्या दिवशी झपाझप उरकतात. बहुतेक मुले १८ वर्षांची असतात, म्हणजे आपल्या बारावीच्या वयाची. नाव पुकारले म्हणजे नोकरी लागली असे मात्र नाही. त्या मुलाशी करार करण्याचा हक्क काही काळ त्या संघाकडे राहतो, इतकाच त्याचा अर्थ.

बंद खोलीतून खुल्या सभागृहात

पहिला ड्राफ्ट १९६३ साली माँट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात झाला. तेव्हा संघ सहाच होते. त्यांनी मिळून २१ मुले निवडली. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. पुढे बरीच वर्षे हा कारभार असाच बंद दाराआड चालला.

१९७४ सालची गोष्ट मजेदार आहे. त्या काळी एक प्रतिस्पर्धी लीग निघाली होती. आपली नावे तिला कळू नयेत म्हणून ड्राफ्ट गुपचूप टेलिफोनवरून घेण्यात आला. हे काम इतके रेंगाळले की बफेलो संघाचे व्यवस्थापक पंच इम्लाक वैतागले. अकराव्या फेरीत त्यांनी ‘तारो त्सुजिमोतो’ या जपानी खेळाडूचे नाव सांगितले. लीगने ते नोंदवूनही घेतले. पुढे उघड झाले की असा खेळाडू या जगात नाहीच, नाव मनाने रचलेले होते! समोरासमोर कोणीच बसलेले नसले म्हणजे असेही घडू शकते.

१९८० मध्ये माँट्रियल फोरम या क्रीडागृहात ड्राफ्ट प्रथमच प्रेक्षकांसाठी खुला झाला. १९८४ मध्ये तो दूरचित्रवाणीवर दिसला, १९८५ मध्ये माँट्रियलबाहेर टोरांटोला गेला आणि १९८७ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला. सभागृहात प्रत्येक संघाचे टेबल, त्याभोवती व्यवस्थापक आणि खेळाडू हेरणारी अनुभवी मंडळी, वर आसनांवर मुले आणि त्यांच्या घरचे, सभोवती प्रेक्षक, अशी मांडणी पुढे रूढ झाली.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. ‘जावे का’ याचे उत्तर ‘कोणी’ यावर अवलंबून आहे.

१. ज्याची निवड व्हायची त्याने जावे का?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. तिथे हजर राहिल्याने निवड होत नाही आणि घरी राहिल्याने चुकत नाही. मुलाचा खेळ हेरगिरी करणाऱ्यांनी हंगामभर पाहिलेला असतो. बफेलो शहरात होणाऱ्या शिबिरात त्याची ताकद मोजलेली असते, मुलाखतीही झालेल्या असतात. प्रत्येक संघाची यादी आधीच तयार असते. २००५ साली सिडनी क्रॉस्बीची निवड पहिल्या क्रमांकावर झाली ती ओटावाच्या एका हॉटेलात. खेळाडू-मालक वादात आदला अख्खा हंगाम बुडाला होता, त्यामुळे तिथे प्रेक्षक नव्हते. पुढे क्रॉस्बीने तीन वेळा स्टॅनले करंडक जिंकला. रिकाम्या सभागृहाने त्याचे काही बिघडले नाही.

मग मुले जातात कशाला? याचे एक उत्तर २०२५ मध्ये दिसले. आयलंडर्सनी पहिल्या क्रमांकावर मॅथ्यू शेफर या मुलाचे नाव घेतले. त्याची आई फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्करोगाने गेली होती. वडील आणि भाऊ शेजारी होते. संघाच्या जर्सीवर आईच्या स्मरणार्थ एक फीत लावलेली होती. त्याने तिचे चुंबन घेतले आणि त्याला रडू आवरले नाही. पहाटे चारला उठून मुलाला सरावाला नेणारे, उसने-पासने करून स्केट घेऊन देणारे आई-वडील तिकडेही असतात. त्यांच्यासमोर नाव पुकारले जाणे हा मुलाच्या यशापेक्षा त्यांच्या कष्टांचा सत्कार असतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. २०२२ चा ड्राफ्ट माँट्रियलमध्ये होता आणि पहिला क्रमांकही माँट्रियलच्याच संघाकडे होता. शेन राइट पहिला निवडला जाईल असे कितीतरी महिने बोलले जात होते. प्रत्यक्षात स्लोव्हाकियाच्या युराय स्लाफकोव्स्कीचे नाव आले. दुसरे नाव राइटचे नाही, तिसरेही नाही. चौथ्या क्रमांकावर सिअॅटल संघाने त्याला घेतले. जगात चौथा येणे ही केवढी मोठी गोष्ट! पण भरल्या सभागृहात, कॅमेऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या मुलाला ती मिनिटे अपयशासारखी काढावी लागली. मग जी मुले पाचव्या-सहाव्या फेरीच्या आशेने येतात, त्यांचे काय होत असेल? तास जातात, बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होतात, आई हळूच हातावर हात ठेवते, आणि शेवटचे नाव पुकारले जाते ते दुसऱ्याचेच.

म्हणूनच बरेच जाणते सल्लागार सांगतात की पहिल्या एक-दोन फेऱ्यांची खात्री असेल तरच जा. नाहीतर घरी बसून निकाल ऐका. हा सल्ला आम्हांला योग्य वाटतो. कारण उशिरा येणारे नाव म्हणजे उणे ठरलेले नाव नव्हे. डेट्रॉइटने पावेल दात्सुकला १९९८ मध्ये १७१ वा आणि हेन्रिक झेटरबर्गला १९९९ मध्ये २१० वा निवडले. २००८ मध्ये स्टॅनले करंडक जिंकणाऱ्या संघाचे हे दोघे आधारस्तंभ होते. गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट २००० साली २०५ वा आला आणि पुढे मानाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जाऊन बसला. मार्टिन सेंट लुईसचे नाव तर कोणी घेतलेच नव्हते. २००४ मध्ये तो लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. भारतीय वंशाचा पहिला खेळाडू रॉबिन बावा हाही ड्राफ्टशिवाय लीगमध्ये पोहोचला. उलट १९९३ चा पहिला, अलेक्झांडर डेग, अपेक्षेला उतरला नाही. दुसरा आलेला ख्रिस प्राँगर मात्र थोर खेळाडू झाला.

२. संघांच्या माणसांनी जावे का?

१९९९ मध्ये बॉस्टनला डॅनियल आणि हेन्रिक सेदीन हे स्वीडनचे जुळे भाऊ निवडीसाठी होते. व्हँकुव्हरचे व्यवस्थापक ब्रायन बर्क यांना दोघेही हवे होते, पण लागोपाठचे दोन क्रमांक हातात नव्हते. त्यांनी इतर संघांशी एकापाठोपाठ एक अदलाबदलीचे सौदे केले आणि दुसरा व तिसरा असे दोन्ही क्रमांक मिळवले. भाऊ एकत्र राहिले, २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच संघात खेळले. सगळे व्यवस्थापक एका छपराखाली असले की उठून पलीकडच्या टेबलाशी जाता येते, समोरच्याचा चेहरा वाचता येतो.

तरीही बहुसंख्य संघांनी ठरवले की २०२५ पासून आपापल्या गावीच बसावे. डझनावारी माणसांचा प्रवास आणि हॉटेल यांचा खर्च वाचतो, आपली बोलणी गुप्त राहतात, आणि लगेच १ जुलैपासून सुरू होणाऱ्या करारांच्या कामालाही वेळ मिळतो. २०२४ चा लास व्हेगासच्या ‘स्फिअर’मधला ड्राफ्ट हा सर्वांना एकत्र बसवणारा त्या पद्धतीचा शेवटचा ठरला. २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला मुले व्यासपीठावर आणि त्यांना निवडणारे पडद्यावर, असा देखावा झाला. मुलगा हस्तांदोलनासाठी जायचा तर समोर चित्र! कार्यक्रम रेंगाळला म्हणून पुष्कळ टीका झाली. संघांचे पैसे वाचले हे खरे. पण आयुष्यभर लक्षात राहणारी पहिली भेट यंत्रामार्फत झाली.

३. प्रेक्षकाने जावे का?

फक्त निकाल हवा असेल तर जाऊ नये. घरच्या पडद्यावर जास्त स्पष्ट दिसते, प्रत्येक मुलाची माहिती कळते, खर्च लागत नाही. पण जवळपास राहत असाल आणि खेळ समजून घ्यायचा असेल, तर एकदा जाण्यासारखे नक्की आहे. आपल्या अनेक घरांतली मुले-नातवंडे आज कॅनडा-अमेरिकेत आहेत. तिथल्या शाळांत हॉकीचे वेड असते, तेव्हा हा प्रश्न त्यांच्याही घरी निघू शकतो.

गेलात तर डोळे व्यासपीठावर ठेवू नका, आसनांकडे ठेवा. नाव पुकारल्यावर मुलगा आधी कोणाला मिठी मारतो ते पाहा. दूरचित्रवाणी निवडलेल्याच्या मागे धावते; सभागृहात बसलेल्याला न निवडलेलेही दिसतात. तेवढे एक शिक्षण घरी बसून मिळत नाही.

तात्पर्य

ज्याची निवड जवळजवळ निश्चित आहे त्याने, ज्यांनी त्याला वाढवले त्यांना घेऊन जरूर जावे. ज्याची अनिश्चित आहे त्याने घरी थांबण्यात कमीपणा नाही. निवडणाऱ्यांनी मात्र शक्यतो समोर बसावे. ज्याचे भवितव्य आपण ठरवतो त्याच्याशी हात मिळवण्याइतके जवळ असावे.

पालक आणि विश्वस्त मंडळींसाठीही यात एक मुद्दा आहे. स्नेहसंमेलनाचे नाटक असो की खो-खोचा संघ, आपणही दरवर्षी मुलांची निवड करतो आणि कित्येकदा नावे भर सभागृहात वाचतो. नियम काय, कोणी निवडले, कशावरून निवडले, हे सर्वांना कळलेच पाहिजे. नाहीतर एखादा ‘त्सुजिमोतो’ यादीत शिरायचा! पण ज्याचे नाव आले नाही त्या मुलाला आधी एकट्याने, आपल्या माणसाच्या तोंडून कळावे. निवड उघडी असावी, निराशा उघड्यावर नसावी.

स्वाध्याय

१. लिलाव आणि ड्राफ्ट यांतील फरक चार-पाच ओळींत लिहा.
२. तळाच्या संघाला आधी संधी देणे तुम्हांला न्याय्य वाटते का? मग सोडत कशासाठी?
३. दात्सुक २०५ व्या नव्हे, १७१ व्या क्रमांकावर निवडला गेला. सात फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत ३२ नावे असतील, तर आजच्या हिशेबाने १७१ वा क्रमांक कितव्या फेरीत येईल?
४. घरी चर्चा करा : तुमच्या निकालाच्या दिवशी तुमच्याबरोबर कोण असावे असे तुम्हांला वाटते, आणि का?