हेमलकशाचा दवाखाना

दवाखाना दूर असणे म्हणजे काय, असे विचारले तर तुम्ही मैल मोजून सांगाल. दूधगंगेच्या काठी राहणाऱ्या आपल्याला पुराचे चार दिवस सोडले तर रस्ता, मोटार आणि डॉक्टर यांची वाण पडत नाही. परंतु अंतर नेहमी मैलांतच असते असे नाही. दवाखान्याच्या ओटीवर बसलेला रोगीही कधी कधी डॉक्टरांपासून फार दूर असतो.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्ह्यात भामरागड नावाचे ठिकाण आहे. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा तेथे संगम होतो. पावसाळ्यात याच नद्या तो मुलूख जगापासून तोडून टाकतात. या अरण्यात माडिया गोंडांची वस्ती आहे. भामरागडनजीक हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. त्या वेळी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे नागपूरचे शल्यशास्त्राचे उच्च शिक्षण सोडून आपल्या पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह तेथे राहावयास गेले. मंदाकिनीबाई भूलशास्त्र जाणणाऱ्या. उपचार विनामूल्य होते, औषधे विनामूल्य होती. तरीही प्रथम रोगी येईनात.

येथे आपण थोडे थांबू या. फुकट मिळणारी वस्तू माणसाने का नाकारावी? अडाणीपणा, असे उत्तर पुष्कळांच्या ओठांवर तयार असते. मला ते पटत नाही. बाहेरून आलेल्या माणसांनी आजवर या लोकांकडून घेतलेच होते. कोणी जंगल घेतले, कोणी श्रम घेतले. नवा आलेला पाहुणा काही न घेता देऊ लागला, तर शंका येणे हेच शहाणपणाचे नव्हे काय?

आमटे दांपत्याने याला शोधलेला उपाय व्याख्यानाचा नव्हता. त्यांनी माडिया भाषा शिकण्यास आरंभ केला. हाताशी पुस्तक नाही, शिक्षक नाही. एकेक शब्द ऐकून टिपायचा. तुम्हाला गंमत वाटेल, ही भाषा आपल्या कन्नडची दूरची बहीण आहे. गोंडीत हाताला ‘कय’ आणि डोळ्याला ‘कन’ म्हणतात. कन्नडचे ‘कै’ आणि ‘कण्णु’ आठवून पाहा. भोवतालचे लोक अर्धवस्त्र राहतात हे पाहून प्रकाशरावांनी अर्धी विजार आणि बनियन एवढाच वेष पत्करला. पुढे अपस्माराच्या झटक्यात विस्तवात पडून भाजलेला एक रोगी तेथे बरा होऊन आपल्या पायांनी घरी परतला, आणि ती वार्ता रानोमाळ पसरली असे सांगतात. मग खाटेला काठी बांधून, ती खांद्यावर घेऊन, दोन दोन दिवसांची वाट तुडवीत नातलग आपली माणसे आणू लागले. हिवताप, क्षय, सर्पदंश, अस्वलाने फाडलेले चेहरे! वीज नव्हती, कंदिलाच्या उजेडात टाके घालावे लागत.

भाषेचा मुद्दा मी इतक्या आग्रहाने का मांडतो आहे? माझे घर कोकणी बोलणारे. दहा वर्षांचा असताना आजीला घेऊन मी एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांना कोकणी कळत नसे, म्हणून दुभाषा मी. आजीला लघवीची जळजळ होत होती. ते नातवाच्या तोंडून परक्या पुरुषाला कसे सांगावे? ती एवढेच म्हणत राहिली, “जिवाक बरें ना.” मी त्याचे भाषांतर ‘ताप’ असे केले. तापाची पुडी घेऊन आम्ही परतलो. खरे काय ते आईला पंधरा दिवसांनी कळले. दवाखाना आमच्या घरापासून अर्ध्या मैलावर होता.

याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून काम करीत आहेत. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजावा लागतो. पण खेड्यातील सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसे. बंगांनी मण्यांची एक साधी चौकट केली. वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ उलटे करायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी पाच निळे मणी आणि सहावा तांबडा; मोठ्या मुलासाठी चार निळे आणि पाचवा तांबडा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला, की औषध सुरू. शिक्षण सुइणीला आडवे येऊ नये, म्हणून गणितच तिच्यापाशी नेले. पुढे गावातीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करून नवजात बाळांची घरोघरी शुश्रूषा सुरू झाली. ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ साली भारत सरकारने घरोघरी नवजात शुश्रूषेची ही रीत देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपविली.

हेमलकशास १९७६ साली आश्रमशाळाही निघाली. तिच्यात शिकलेली काही माडिया मुले पुढे डॉक्टर झाली. त्यांच्यासमोर बसलेल्या आजीला दुभाषा लागत नाही.