पिशवीतला मोबाईल

माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेत मुक्कामी आली. दुपारीच आजीचा मोबाईल बंद पडला. घरचे घाबरले. नातू शोधत दिंडीत आला.

आजी म्हणाली, "आरं, मी कुणाशी बोललेबी नाही. मोबाईल पिशवीतच होता. मग बॅटरी कशी संपली?"

नातू म्हणाला, "एक ॲप आतून चालूच होतं. तू कुठं आहेस, हे ते सारखं विचारत होतं. त्यासाठी मोबाईल सुमारे २०,००० किलोमीटर उंचावरच्या उपग्रहांचे संदेश ऐकतो. मग हिशेब करून जागा सांगतो. त्यात बॅटरी खर्च होते."

नातवाने सेटिंग उघडले. त्या ॲपला 'वापरतानाच लोकेशन' एवढीच परवानगी ठेवली.

पालखी दिवे घाट चढून सासवडला पोचली. रात्री घरचा फोन वाजला. आजीच बोलत होती.

तुमच्या मोबाईलमध्ये कोणकोणती ॲप जागा विचारतात? आजच पाहा.