ब्रिटिश ब्लूज : गुरूचें ऋण आणि शिष्याचा सूर

महाभारतांतील एकलव्याची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. प्रत्यक्ष गुरु लाभला नाहीं, म्हणून त्यानें मातीची मूर्ति उभी केली आणि तिच्यासमोर नित्य अभ्यास करून तो धनुर्विद्येंत निष्णात झाला. संगीताच्या इतिहासांत या कथेसारखीच एक घटना विसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें घडून आली. तेथें मूर्तीच्या जागीं ग्रामोफोनची काळी तबकडी होती. गुरु होते अमेरिकेंतील गरीब कृष्णवर्णीय गवई. शिष्य होतीं लंडन व त्याच्या आसपासचीं गोरीं मुलें. गुरूनें त्यांना नाकारलें नव्हतें. तो केवळ समुद्रापलीकडे होता. या मुलांनीं जें संगीत निर्माण केलें, त्यास 'ब्रिटिश ब्लूज' असें नांव पडलें.

प्रस्तुत लेखांत आम्ही दोन प्रश्नांचा विचार करणार आहों. पहिला, ब्रिटिश ब्लूज नेमका कशास म्हणावा? दुसरा, त्यांतील कोणते आल्बम उत्तम, व तें कोणत्या कारणानें? या दोहोंचा विचार करूं लागलें म्हणजे तिसरा एक प्रश्न आपोआप पुढें येतो. तो गुरुदक्षिणेचा, त्याकडे आम्ही शेवटीं वळूं.

प्रथम मूळ ब्लूज कसा असतो तें पाहूं. अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली, परंतु दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांचें दैन्य संपलें नाहीं. कापसाच्या शेतांत राबणाऱ्या या लोकांच्या श्रमगीतांतून, आरोळ्यांतून व प्रार्थनागीतांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज उदयास आला. त्याची रचना साधी आहे. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड मिळून एक आवर्तन होतें, आणि तें बहुधा तीनच कॉर्डांवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या तीन गटांवर, फिरत असतें. कडव्यांत तीन ओळी असतात. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, आणि तिसरीनें तिला उत्तर द्यावयाचें. प्रत्येक ओळीच्या अखेरीस जी जागा उरते, तेथें गिटार किंवा माऊथ ऑर्गन गवयाशीं बोलूं लागतो. स्वरांचीही एक खूण आहे. ब्लूजमधील गांधार पुरता शुद्धही नसतो आणि पुरता कोमलही नसतो; दोहोंच्या मध्यें कोठें तरी तो ओढून धरलेला असतो. सारी आर्तता त्या ओढीत आहे. कांहीं वादक बाटलीच्या मानेचा तुकडा बोटांत घालून तो तारेवरून घसरवितात, तोही याच ओढीसाठीं.

१९२० सालीं मेमी स्मिथ या गायिकेची तबकडी अतिशय खपली, आणि तेव्हांपासून कंपन्या कृष्णवर्णीयांचा ब्लूज मुद्रित करूं लागल्या. रॉबर्ट जॉन्सन यांनीं १९३६ व १९३७ या दोन सालीं टेक्सासमध्यें थोडींच गाणीं मुद्रित केलीं आणि १९३८ सालीं ते ऐन तारुण्यांत वारले. मडी वॉटर्स हे १९४३ सालीं मिसिसिपीचीं शेतें सोडून शिकागोस आले. शहराच्या गलक्यांत साध्या गिटारीचा आवाज पोंचेना, म्हणून त्यांनीं विजेची गिटार हातीं घेतली. पुढें इंग्लंडमधील मुलांनीं गिरविला तो मुख्यतः हा शिकागोचा धडा.

हा धडा समुद्र ओलांडून कसा आला? लॉनी डोनेगन यांनीं १९५४ सालीं मुद्रित केलेलें 'रॉक आयलंड लाइन' हें अमेरिकन गीत इंग्लंडमध्यें फार गाजलें, आणि हजारों मुलांनीं स्वस्त गिटारी विकत घेतल्या. कपडे धुण्याची पन्हळी पाटी हें तालवाद्य झालें, आणि चहाच्या खोक्यास काठी व दोरी बांधून खर्जाचें वाद्य बनलें. लंडनच्या सोहो भागांत ॲलेक्सिस कॉर्नर व सिरिल डेव्हिस या दोघांनीं १९५७ सालीं एका पानगृहाच्या माडीवर ब्लूजचा क्लब चालू केला. १९५८ सालीं स्वतः मडी वॉटर्स इंग्लंडांत आले, तेव्हां त्यांच्या विजेच्या गिटारीचा आवाज ऐकून कांहीं श्रोते दचकले. खऱ्या ब्लूजमध्यें लांकडी गिटारच असावी, अशी त्यांची समजूत होती! पुढें १९६३ सालीं वॉटर्स मुद्दाम साधी गिटार घेऊन आले, तों तरुण श्रोत्यांना विजेचीच गिटार हवी होती. पांच वर्षांत शिष्यवर्ग इतका बदलला होता.

१९६१ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत डार्टफर्डच्या रेल्वे स्थानकावर मिक जॅगर व कीथ रिचर्ड्स हे बाळपणचे सोबती पुन्हां भेटले. जॅगर यांच्या काखेंत अमेरिकेहून आलेल्या तबकड्या होत्या. त्यांत मडी वॉटर्स यांची तबकडी होती. त्या तबकड्यांनीं त्यांची मैत्री जुळविली, आणि पुढें त्यांच्या वाद्यवृंदास वॉटर्स यांच्याच एका गीतावरून 'रोलिंग स्टोन्स' असें नांव पडलें.

आतां व्याख्येकडे येऊं. इंग्रज मनुष्यानें वाजविलेला ब्लूज तो ब्रिटिश ब्लूज, असें म्हणणें सोपें आहे; पण तेवढ्यानें भागत नाहीं. चॅम्पियन जॅक डुप्री हे न्यू ऑर्लीन्सचे पियानोवादक पुढें इंग्लंडांत राहूं लागले, आणि त्यांचा १९६६ सालचा एक आल्बम लंडनमध्येंच, जॉन मेयॉल व एरिक क्लॅप्टन या इंग्रज वादकांच्या साथीनें मुद्रित झाला. तो ब्रिटिश ब्लूज काय? जिमी हेंड्रिक्स १९६६ सालीं लंडनला आले व दोन इंग्रज साथीदारांसह तेथेंच प्रसिद्धीस चढले. त्यांस ब्रिटिश म्हणावें काय? रोरी गॅलघर यांचें नांव अशा याद्यांत नेहमीं असतें. पण ते तर आयर्लंडचे.

आमच्या मतें निर्णय जन्मस्थानावरून करूं नये, व मुद्रणाच्या स्थानावरूनही करूं नये. विद्या कोठें व कशी संपादन केली, यावरून करावा. दोन खुणा असाव्यात. एक, संगीताचा सांगाडा ब्लूजचा असावा. म्हणजे तें आवर्तन, ती प्रश्नोत्तरांची रीत व तो ओढलेला स्वर त्यांत असावा. दुसरी, तें ज्यांनीं रचलें त्यांनीं ब्लूज घरांत ऐकलेला नसून ब्रिटनमध्यें तबकड्यांवरून व क्लबांतून शिकलेला असावा. या मापानें डुप्री व हेंड्रिक्स गळतात; कारण त्यांची विद्या अमेरिकेंतील आहे. डुप्री यांचा तो आल्बम म्हणजे गुरूनें शिष्यांच्या घरीं दिलेला पाठ होय. गॅलघर यांचें शिक्षण मात्र त्याच रीतीचें, तबकड्यांवरून व आकाशवाणीवरून झालेलें. त्यांस आम्ही शेजारघरचे मानतों; आप्तपणा पुरा आहे, पण आडनांव निराळें.

या व्याख्येंत बसणाऱ्या आल्बमांपैकीं आम्हांस जे विशेष प्रिय आहेत, त्यांपैकीं चारांविषयीं येथें सांगतों.

पहिला, कॉर्नर व डेव्हिस यांच्या 'ब्लूज इन्कॉर्पोरेटेड' या वृंदाचा 'आर अँड बी फ्रॉम द मार्की', १९६२. मार्की हा लंडनचा एक प्रसिद्ध क्लब. पण नांवांत तो असला तरी मुद्रण झालें डेक्का कंपनीच्या स्टुडिओंत! हा सर्वोत्कृष्ट नव्हे. त्यांत धडा पाठ म्हणून दाखविणाऱ्या विद्यार्थ्याचा ताठरपणा आहे. तरीही डेव्हिस यांचा माऊथ ऑर्गन ऐकतांना या विद्यार्थ्यांची निष्ठा मनास भिडते. डेव्हिस हे पत्र्याचें काम करणारे कारागीर होते. १९६४ सालच्या जानेवारींतच ते निवर्तले.

दुसरा, 'ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन', १९६६. मॅकल्सफील्ड गांवीं १९३३ सालीं जन्मलेले व २०२४ सालीं दिवंगत झालेले जॉन मेयॉल हे या संप्रदायाचे जणूं मुख्याध्यापकच होते. क्लॅप्टन, पीटर ग्रीन व मिक टेलर हे तिघेही गिटारवादक एकामागून एक त्यांच्याच वर्गांतून बाहेर पडले. या आल्बमच्या वेळीं क्लॅप्टन २१ वर्षांचे होते. ध्वनिवर्धकाचा आवाज मोठा केल्याखेरीज आपल्याला हवा तो नाद उमटत नाहीं, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहानें गिटारीस एक दाट, लांबणारा, मनुष्यकंठासारखा स्वर मिळाला. ओटिस रश व फ्रेडी किंग यांचीं गीतें येथें आहेत. पण तीं ऐकतांना मूळ तबकडीची केवळ प्रत ऐकतों आहों, असें वाटत नाहीं. रॉबर्ट जॉन्सन यांचें एक गीत क्लॅप्टन यांनीं स्वतः, कांहींसें संकोचून, गाइलें आहे. वेष्टणावरील चित्रांत ते मुलांचें 'बीनो' साप्ताहिक वाचीत बसलेले दिसतात!

तिसरा, 'पीटर ग्रीन्स फ्लीटवुड मॅक', १९६८. यांत एकाच आल्बममध्यें दोन प्रकारचे शिष्य भेटतात. जेरेमी स्पेन्सर हे एल्मोर जेम्स यांच्या घसरत्या गिटारीची हुबेहूब नक्कल करतात. ती चोख आहे, पण ती नक्कल आहे. पीटर ग्रीन थोडे स्वर वाजवितात आणि मध्यें मौन ठेवतात. 'आय लव्ह्ड अनदर वुमन' या त्यांच्या स्वतःच्या गीतांत लंडनच्या पूर्व भागांतील एका तरुणाचें स्वतःचें दुःख बोलतें. मिसिसिपीचें उसनें दुःख नव्हे. आमच्या दृष्टीनें ब्रिटिश ब्लूजचा सर्वोच्च क्षण येथें आहे. या दोघांचा वृंद १९६९ सालच्या जानेवारींत शिकागोस गेला आणि चेस कंपनीच्या स्टुडिओंत ओटिस स्पॅन, विली डिक्सन व बडी गाय यांच्या पंक्तीस बसून वाजवूं लागला. एकलव्य अखेर गुरुगृहीं पोंचला.

चौथा, गायिका जो ॲन केली यांचा त्यांच्याच नांवाचा १९६९ सालचा आल्बम. विजेच्या गर्जनेच्या त्या दिवसांत या लंडनच्या तरुणीनें साधी गिटार घेऊन शिकागोच्याही पूर्वींचा खेड्यांतला ब्लूज गाइला. तिची कीर्ति त्या मानानें थोडी झाली. पण ज्यांस आवाजाच्या उंचीहून त्याची खोली प्रिय आहे, त्यांनीं हा आल्बम अवश्य ऐकावा.

आतां गुरुदक्षिणा. एकलव्याच्या कथेंत गुरूनें शिष्याचा अंगठा मागून घेतला. येथें पुष्कळदां उलट घडलें. शिष्य धनाढ्य झाले आणि गुरूचे हात रिकामे राहिले. 'लेड झेपेलिन' या वृंदाच्या १९६९ सालच्या दुसऱ्या आल्बमवरील 'होल लॉटा लव्ह' हें गीत जगभर गाजलें. त्याचे शब्द विली डिक्सन यांच्या एका जुन्या गीताशीं जुळणारे होते. पण तबकडीवर डिक्सन यांचें नांव नव्हतें. डिक्सन यांस १९८५ सालीं न्यायालयांत जावें लागलें. १९८७ सालीं न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि पुढें त्यांचें नांव छापलें जाऊं लागलें. उलट, 'क्रीम' या वृंदानें १९६६ सालीं स्किप जेम्स यांचें गीत घेतलें, तेव्हां त्यांचें नांव रीतसर दिलें. म्हणून त्या गीताचें मानधन १९६९ सालीं ते वारण्यापूर्वीं त्यांस मिळूं शकलें. रोलिंग स्टोन्स यांस १९६५ सालीं अमेरिकेंतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचें निमंत्रण आलें. त्यांनीं आग्रह धरला कीं, आमच्याबरोबर हाउलिन वुल्फ यांनींही गाइलें पाहिजे. आणि हा थोर कृष्णवर्णीय गवई गाऊं लागला, तेव्हां ते त्यांच्या पायाशीं बसले.

ऋण केवळ पैशाचें नसतें, हेंही येथें सांगणें प्राप्त आहे. ज्या क्लॅप्टन यांची आम्हीं वर स्तुति केली, त्यांनींच १९७६ सालीं बर्मिंगहॅम येथें रंगमंचावरून ब्रिटनमध्यें आलेल्या परदेशी व कृष्णवर्णीय लोकांविरुद्ध हीन उद्गार काढले. त्याच्या निषेधांतून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. पुढें पुष्कळ वर्षांनीं क्लॅप्टन यांनीं त्याबद्दल लाज वाटत असल्याचें बोलून दाखविलें. परंतु गुरूचा सूर घेऊन गुरूच्याच बांधवांचा उपमर्द करणें, यासारखी कृतघ्नता दुसरी नाहीं. विद्या आणि विवेक एकत्र नांदतीलच असें नाहीं, हें या प्रसंगावरून ध्यानीं धरावें.

शेवटीं एक प्रसंग. १९७० सालच्या मे महिन्यांत हाउलिन वुल्फ लंडनला आले, आणि क्लॅप्टन व रोलिंग स्टोन्सपैकीं बिल वायमन व चार्ली वॉट्स यांनीं त्यांस साथ केली. 'द लंडन हाउलिन वुल्फ सेशन्स' या १९७१ सालच्या आल्बममध्यें त्यांतला एक तुकडा मुद्दाम ठेवला आहे. वुल्फ 'लिटल रेड रूस्टर' हें गीत कसें वाजवावें, तें स्वतः गिटार वाजवून समजावून देत आहेत, आणि जगन्मान्य झालेला शिष्य आज्ञाधारकपणें ऐकून घेत आहे. ऐन गाण्याहूनही हा तुकडा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आणि तो धडा वायां गेला नाहीं. रोलिंग स्टोन्स सत्तरीच्या घरांत आले, तेव्हां २०१६ सालच्या 'ब्लू अँड लोन्सम' या आल्बमसाठीं त्यांनीं पुन्हां केवळ जुन्या अमेरिकन ब्लूजचाच पाठ गिरविला.

विद्यार्थिमित्रांनो, दुसऱ्याची वही पाहून उत्तर उतरविणारा, आणि दुसऱ्यापासून शिकून स्वतःचें उत्तर लिहिणारा, यांत जो भेद आहे तोच या संगीतांत आहे. अनुकरणानें आरंभ करण्यांत लाज नाहीं. प्रत्येक बाळबोध अक्षर आधीं गिरवूनच येतें. लाज आहे ती गिरवीतच राहण्यांत, आणि ज्याची पाटी घेतली त्याचें नांव पुसून टाकण्यांत. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलें ऐकतात तो केवळ गोंगाट, असें म्हणण्यापूर्वीं एकवार त्यांच्याजवळ बसावें आणि विचारावें, 'हें मूळ कोणाचें?' या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां मुलांस संगीताबरोबर इतिहासही कळेल, आणि इतिहासाबरोबर कृतज्ञताही.