त्वचेत शिरणारा केस

मराठीत ‘केसतोड’ आणि हिंदीत ‘बालतोड’ असे शब्द रूढ आहेत. केस मुळाशी दुखावला किंवा तुटला म्हणजे त्या जागी गळू होते, ही लोकसमजूत त्या शब्दांतच साठविलेली आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. केस ज्या लहानशा पिशवीतून उगवतो, त्या केशपुटकात जंतूंचा शिरकाव झाला की खरोखरच गळू होते. परंतु दाढीच्या जागी, गळ्यावर, काखेत किंवा मांडीवर उठणाऱ्या प्रत्येक फोडास केसतोड म्हटल्यामुळे एक निराळाच विकार त्या नावाखाली झाकला जातो. त्यात प्रारंभी जंतूंचा संबंध नसतो आणि केस तुटून गेलेलाही नसतो. बाहेर पडलेला केस वळून पुन्हा त्वचेत शिरलेला असतो. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे पुष्कळ लोक महिनोन्महिने चुकीचे उपचार करीत राहतात.

केस आत शिरतो तो दोन मार्गांनी. ज्यांचे केस कुरळे असतात त्यांचे केशपुटकही त्वचेखाली वक्र असते. वस्तऱ्याने तिरका कापलेला केस अणकुचीदार होतो. दिवसाला मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास वाढत तो आपल्या नैसर्गिक वळणाने खाली झुकतो आणि जवळच्याच त्वचेत सुईसारखा घुसतो. हा पहिला मार्ग. दुसऱ्यात केसाला बाहेर येण्याचीही संधी मिळत नाही. त्वचा ताणून किंवा उलट्या दिशेने वस्तरा चालवून केस इतका खोल कापला जातो की त्याचे टोक पृष्ठभागाखाली मागे सरते, आणि पुढे वाढताना ते केशपुटकाचीच भिंत भेदते. दोन्ही प्रसंगी शरीराची प्रतिक्रिया एकच असते. केस आपलाच असला, तरी त्वचेच्या आतल्या थराला तो लाकडाच्या कुसळासारखाच परका. तेथे सूज येते, लाली येते, खाज सुटते, कधी पूही धरतो. स्ट्रॉस व क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९५६ साली दाढीच्या या विकाराचे सविस्तर वर्णन केले. केशपुटकाच्या जंतुजन्य दाहासारखा दिसणारा, पण तो नसलेला, अशा अर्थाचे नाव वैद्यकशास्त्रात त्यास आहे.

आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा विकार फार मोठ्या प्रमाणात आढळतो. अमेरिकेच्या सैन्यात गुळगुळीत दाढीचा दंडक असल्याने तेथे तो विशेष डोळ्यांत भरला. १९९३ साली तेथील एका संघीय अपील न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. खाद्यपदार्थ घरपोच करणाऱ्या एका कंपनीचा दाढी न ठेवण्याचा नियम या विकारामुळे कृष्णवर्णीय पुरुषांवर अन्याय करणारा ठरतो, असा निर्णय त्या न्यायालयाने दिला. आपल्याकडे केसांचे कुरळेपण सरसकट तितके नसते; तरीही राठ दाढीच्या पुरुषांत, तसेच पाय, काख किंवा जांघेतील केस काढणाऱ्या स्त्रियांत हा त्रास सर्रास दिसतो. शिवाय सावळ्या त्वचेस एक जादा दंड पडतो. फोड बसला तरी त्याचा काळा डाग कित्येक महिने मागे राहतो आणि मग त्या डागासाठी नवी मलमे सुरू होतात.

यावर पहिला आणि सर्वांत गुणकारी उपचार अगदी साधा, पण बहुतेकांना नकोसा वाटणारा आहे. केस कापणे थांबवावे. निदान तीन-चार आठवडे वस्तरा त्या जागी लावू नये. पहिल्या आठवड्यात त्रास वाढल्यासारखा भासतो, कारण वाढणारे आणखी काही केस आत शिरतात. तेथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि हात पुन्हा वस्तऱ्याकडे जातो. धीर धरल्यास मात्र केस सुमारे एक सेंटिमीटर लांब होताच स्प्रिंगसारखा ताण धरतो आणि रुतलेले टोक आपोआप बाहेर येते. ज्यांच्या नोकरीत दाढी वाढविणे चालत नाही, त्यांनी विजेच्या यंत्राने, ज्यास ट्रिमर म्हणतात, मिलिमीटरभर खुंट शिल्लक ठेवून दाढी करावी. तेवढा खुंट दिसतो खरा, पण दुखऱ्या फोडांपेक्षा तो पुष्कळच बरा.

या काळात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ कपडा दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटे त्या जागी ठेवावा. त्याने वरचा थर मऊ होतो व सूज उतरते. केस पृष्ठभागाखाली कमानीसारखा स्पष्ट दिसत असेल, तरच सुईचा उपयोग करावा. हात साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या सुईचे टोक त्या कमानीखालून सारावे आणि केस हळूच वर उचलून मोकळा करावा. येथेच थांबावे. चिमट्याने तो उपटण्याचा मोह होतो, परंतु उपटलेल्या केसाच्या जागी येणारा नवा केस पुन्हा आतल्या आत भिंत भेदण्याची शक्यता असते. केस दिसत नसेल तर सुईने उकरून शोधू नये, फोड पिळू तर मुळीच नये. नखांनी झालेली जखम कोणत्याही केसापेक्षा मोठा व्रण ठेवून जाते.

औषधांविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक आम्ल असलेली सौम्य मलमे मृत त्वचेचा थर विरळ करतात व केसाला वाट देतात. ती एक दिवसाआड, थोड्या जागेवर लावून पाहावी आणि चुरचुरल्यास बंद करावी. धोका आहे तो औषधांच्या दुकानात ‘खाजेचे मलम’ म्हणून मागितल्या जाणाऱ्या मिश्रणांत. त्यांपैकी अनेकांत तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली ओसरते, म्हणून माणूस ते आठवडेच्या आठवडे लावत राहतो. त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, आणि ज्यामुळे हे सारे सुरू झाले ते केसही त्या जागी अधिक वाढू शकतात. अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीविना होऊ नये, असा नियम भारत सरकारने २०१८ साली केला आहे. नियम झाला म्हणजे सवय मोडली, असे मात्र नव्हे.

पुन्हा दाढी सुरू करताना पद्धत बदलणे अगत्याचे आहे. ती स्नानानंतर, केस भिजून मऊ झाल्यावर करावी. साबणाचा भरपूर फेस लावून काही मिनिटे थांबावे. वस्तरा केसांच्या वाढीच्या दिशेनेच फिरवावा; गळ्यावर ही दिशा जागोजागी बदलते, ती बोटाने चाचपून समजते. त्वचा ताणू नये आणि एकाच जागेवरून पुन:पुन्हा पाते नेऊ नये. १९७१ साली अमेरिकेत दोन पात्यांचा वस्तरा बाजारात आला. पहिले पाते केस किंचित ओढते आणि तो मागे सरण्यापूर्वीच दुसरे त्यास आणखी खाली कापते, हाच त्याचा मोठा गुण म्हणून सांगण्यात आला. राठ व वक्र केसांच्या माणसास नेमका तोच गुण बाधतो. पुढे पात्यांची संख्या वाढतच गेली. या विकाराच्या माणसाला मात्र एका पात्याचा जुना वस्तरा पुष्कळदा अधिक मानवतो. पाते धारदार असावे, आणि केशकर्तनालयात ते प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे असावे. दाढीनंतर फिरविली जाणारी तुरटी रक्त थांबविते, पण केस आत वळण्यास ती प्रतिबंध करीत नाही.

मेण लावून किंवा दोऱ्याने केस काढणाऱ्या स्त्रियांना वाटते की, वस्तरा नाही म्हणजे भय नाही. वस्तुतः मेणाच्या ओढीने काही केस मुळातून न येता त्वचेखालीच तुटतात. मेणाची पट्टी तुटक झटक्यांनी ओढल्यास हे अधिक होते. केस काढल्यावर एक-दोन दिवस घट्ट व कृत्रिम धाग्यांचे कपडे टाळावेत आणि चार-पाच दिवसांनी ओल्या मऊ कपड्याने हलकेच घासण्याचा परिपाठ ठेवावा. हळदीचा लेप लावण्यास हरकत नाही, मात्र तो आत अडकलेला केस बाहेर काढीत नाही.

लाली पसरत चालली, ताप आला, गाठ टणक व ठणकणारी झाली, किंवा फोडांच्या जागी जाड, उंच व्रण उठू लागले, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांकडे जावे. मधुमेही व्यक्तीने तर पहिल्या पूयुक्त फोडालाच जावे. वारंवार होणाऱ्या त्रासावर केसाचे मूळच नष्ट करणारा लेसरचा उपचार आता उपलब्ध आहे. सावळ्या त्वचेसाठी योग्य तरंगलांबीचा लेसर निवडावा लागतो, अन्यथा भाजण्याचा संभव असतो. म्हणून तो सौंदर्यप्रसाधनगृहात न घेता त्वचारोगतज्ज्ञाकडेच घ्यावा.

माकडहाडाजवळ, नितंबांच्या खाचेत होणारे व वारंवार वाहणारे गळू हाही केस त्वचेत शिरण्याचाच प्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धात खडबडीत रस्त्यांवर जीप चालविणाऱ्या सैनिकांत तो इतका आढळला की १९४४ साली एका अमेरिकन शल्यचिकित्सकाने त्यास जीपचा रोग असे नाव दिले. त्यावर घरी काहीही करू नये. ते काम शल्यचिकित्सकाचे आहे. नाभिकांच्या बोटांच्या बेचक्यांतही असाच विकार होतो, आणि तेथे रुततो तो स्वतःचा केस नसून गिऱ्हाइकांच्या कापलेल्या केसांचा तुकडा असतो. दिवसाचे काम संपल्यावर त्यांनी बोटांच्या बेचक्या साबणाने धुऊन, चिकटलेले बारीक केस काढून टाकावेत.