उचल, कोयता आणि हजेरीपत्रक : अर्थकारण-राजकारण मुलांना कसं समजवायचं?



'अर्थकारण', 'राजकारण', 'सामाजिक न्याय' हे शब्द परिसर अभ्यासात आणि नागरिकशास्त्रात आपण शिकवतो. व्याख्या पाठ होतात, पण मुलांना वाटतं की हे सगळं मुंबई-दिल्लीत घडतं, आपला काय संबंध? आपल्या बीड जिल्ह्यात तर हा धडा वर्गातच बसलेला असतो. दिवाळी झाली की हजेरीपत्रकात एकेका नावापुढे गैरहजेरी सुरू होते आणि ती मार्च-एप्रिलपर्यंत चालते. लेकरू आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेलं असतं. अशा वेळी "पालकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही" असं आपण पटकन बोलून जातो. हे वाक्य कितपत खरं आहे, ते आपण हिशोब मांडूनच पाहू.

1) आधी शब्द समजून घेऊ

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन माणसं, पण हिशोबात मोजणी एकच. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. खाडा म्हणजे काम बुडालेला दिवस, त्याचे पैसे कापले जातात. कोपी म्हणजे फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर उभारलेली तात्पुरती झोपडी. हे शब्द आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. म्हणून त्यांनाच सांगायला लावा, धडा तिथूनच सुरू होतो.

2) गणिताच्या तासाला अर्थकारण

जानेवारी 2024 च्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला साधारण 366 रुपये झाला. आता पाचवीच्या मुलांना हे उदाहरण द्या. समजा, एका कोयत्याने 1,00,000 रुपये उचल घेतली. जोडी रोज 2 टन ऊस तोडते. उचल फिटायला किती दिवस लागतील?

1,00,000 भागिले 366 म्हणजे जवळपास 274 टन. रोज 2 टन, म्हणजे 137 दिवस. साडेचार महिने एकही खाडा न करता राबलं तर उचल फिटते, हातात वेगळं काही येत नाही. आता पुढचा प्रश्न विचारा. ऊस कमी असल्यामुळे हंगाम 90 दिवसांतच संपला तर? 180 टन गुणिले 366 म्हणजे 65,880 रुपये. अंगावर बाकी राहिले 34,120. पुढच्या वर्षी कोयता पुन्हा त्याच मुकादमाकडे का जातो, याचं उत्तर मुलं स्वतःच देतात. वेगळं समजवावं लागत नाही.

3) दर कोण ठरवतं? इथे राजकारण येतं

ऊस तोच, पण त्यातून दोन माणसांना पैसे मिळतात. ऊस पिकवणाऱ्याचा किमान भाव, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करतं. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला तो क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550 रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. पैसे 14 दिवसांत दिले नाहीत तर 15 टक्के व्याज द्यावं, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. अंमलबजावणीसाठी शेतकऱ्यांना आंदोलनं करावी लागतात ही गोष्ट खरी, पण हातात कायद्याचा कागद तरी आहे.

ऊस तोडणाऱ्याचा दर मात्र साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारातून ठरतो. कराराची मुदत संपली की संपाचा इशारा, मग बैठका, मग लवाद. गोपीनाथ मुंडे यांचं नाव जिल्ह्यात घराघरात आहे, त्यामागे या लवादातल्या त्यांच्या भूमिकेचाही वाटा आहे. म्हणजे एकाच पिकावर जगणाऱ्या दोघांपैकी एकाला कायदा मिळाला आणि दुसऱ्याला फक्त वाटाघाट. राजकारण म्हणजे निवडणूकच नव्हे. भाव ठरतो त्या बैठकीत कोण बसतं आणि कोणाला बोलावलंच जात नाही, हेही राजकारणच.

निवडणुकीचंच बघायचं तर 2024 ला विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, म्हणजे कोयते गाव सोडतात त्याच दिवसांत. जो मतदानाला गावात नाही, त्याचं म्हणणं कोण ऐकणार?

4) सामाजिक न्याय म्हणजे काय?

ऊसतोडीला कोण जातं? कोरडवाहू अल्पभूधारक, भूमिहीन. वंजारी, दलित, भटक्या-विमुक्त समाजातली कुटुंबं यात मोठ्या संख्येनं आहेत. आपला जिल्हा पर्जन्यछायेत, डोंगरपट्ट्यात विहिरीला पाणी नाही. पाणी, कालवे आणि कारखाने पश्चिम महाराष्ट्रात आधी गेले, मजूर मात्र इथून गेले. हा निसर्गाचा भाग आहेच, पण धोरणाचाही आहे.

सगळ्यात मोठी किंमत बाईने मोजली. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या आकडेवारीत, बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. खाड्याची भीती, तळावर ना संडास ना दवाखाना, आणि ऑपरेशनचा सल्ला. हा भाग लहान मुलांसाठी नाही, पण आपण शिक्षक-पालकांनी तो माहीत करून घ्यायलाच हवा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात बजावलं होतं की, राजकारणात एक माणूस एक मत मिळेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनातली विषमता राहिली तर लोकशाहीच धोक्यात येईल. कोयत्याच्या हिशोबाकडे पाहिलं की त्यांचं म्हणणं नीट कळतं.

5) धोरण बदललं की हजेरी बदलते

दुसरी बाजूही मुलांना दाखवा. नाहीतर त्यांना वाटेल की काही बदलतच नाही. हंगामी वसतिगृहांमुळे कितीतरी मुलं आजी-आजोबांजवळ गावातच राहून शिकतात. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याणकारी महामंडळ झालं. आई-बाप तेच, त्यांची गरिबीही तीच. मग मूल शाळेत कसं राहिलं? सोय झाली म्हणून! पालकांना महत्त्व कळत नाही, हा आपला समज इथे खोटा ठरतो.

6) आपण काय करू शकतो?

- ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच जाणाऱ्या कुटुंबांची यादी करा आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत द्या. सोय मंजूर व्हायला उशीर झाला तर मूल तोवर गेलेलं असतं.
- जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्या. पालकांचा फोन नंबर आणि कारखान्याचं नाव लिहून ठेवा. शिक्षण हक्क कायद्यानं त्याला तिथल्या जवळच्या शाळेत बसता येतं, हे पालकांना सांगा.
- परत आलेल्या मुलाला "इतके दिवस कुठं होतास?" असं वर्गासमोर विचारू नका. त्यानं पाहिलेला कारखाना, वजनकाटा, गाव याबद्दल बोलायला लावा.
- पालकांनो, उचल किती घेतली, किती टन तोडलं, किती खाडे धरले याची वही ठेवा. लिहायला येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्या. त्याचा गणिताचा अभ्यास होईल आणि हिशोबाच्या दिवशी मुकादमासमोर तुमच्या हातात कागद असेल.