वीट, वारा आणि वसतिगृह

विद्यार्थ्यांचे वसतिगृह ही एक विलक्षण इमारत आहे. तिच्यात राहणारा दोन-चार वर्षांत निघून जातो, तिच्या बांधणीविषयी त्याचे मत सहसा कोणी विचारीत नाही, आणि विजेचे देयकही बहुधा संस्थाच भरते. शिवाय तो दिवसा वर्गात किंवा ग्रंथालयात असतो; खोलीचा खरा उपयोग सायंकाळनंतर सुरू होतो. नऊ इंच जाडीच्या भिंतीतून उष्णतेला आत उतरावयास काही तास लागतात. म्हणजे दुपारी भिंतीने शोषलेले ऊन, विद्यार्थी पुस्तक उघडून बसतो नेमक्या त्याच सुमारास खोलीत पोहोचते. जाड भिंतीचे घर थंड असते हा आपला समज दुपारपुरता खरा आहे. रात्रीच्या सुखासाठी मुळात भिंतीवर ऊन पडू न देणे आणि खोलीतून वारा खेळता ठेवणे, या दोन गोष्टी अधिक मोलाच्या ठरतात.

तिरुवनंतपुरम येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने 1970 साली स्थापन झाली. उल्लूर भागातील टेकडीवजा जागेवर तिच्या इमारती लॉरी बेकर यांनी बांधल्या. बेकर जन्माने इंग्रज. 1945 साली ते भारतात आले आणि येथलेच झाले. टेकडीचा चढउतार सपाट न करता आणि झाडे शक्यतो न तोडता त्यांनी ग्रंथालय, कार्यालये व वसतिगृहे उतारावर विखरून बसविली. विषुववृत्तापासून इतक्या जवळच्या दमट प्रदेशात रात्री हवा फारशी निवत नाही. म्हणून तेथे भिंतीच्या जाडीवर विसंबून चालत नाही, वाराच हवा. बेकर यांनी काचेच्या खिडक्यांऐवजी ठिकठिकाणी विटांची जाळी योजिली. विटा रचताना मधे मधे फटी सोडल्या की भिंत आणि झरोका ही दोन्ही कामे एकाच बांधकामात होतात. उजेड तुकड्यातुकड्यांनी, डोळ्यांना न खुपता आत येतो, वारा आरपार जातो, आणि खोलीचे खाजगीपण राखले जाते. पावसाची झड मात्र जाळी अडवू शकत नाही. त्यासाठी छपराची वळचण पुरेशी पुढे काढावी लागते.

भिंतीतही त्यांनी काटकसर साधली. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करून रचली की भिंतीच्या पोटात पोकळी राहते. उंदराच्या सापळ्याशी असलेल्या साम्यावरून या रचनेला रॅट-ट्रॅप बाँड हे नाव मिळाले. विटा सुमारे एक-चतुर्थांशाने कमी लागतात आणि कोंडलेली हवा उष्णतेला अटकाव करते. स्लॅबच्या बाबतीत त्यांची युक्ती याहून साधी होती. स्लॅबच्या खालच्या अंगाला ताण पडतो. तो ताण लोखंडी सळ्या पेलतात, तेथले काँक्रीट जवळजवळ निरुपयोगी असते. मग ते हवेच कशाला? त्या जागी त्यांनी टाकाऊ मंगलोरी कौले घातली. सिमेंट बनविताना चुनखडी सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे वाचलेल्या प्रत्येक घमेल्याचे महत्त्व पटेल. अर्थात वीटही निष्पाप नव्हे. ती शेतातील सुपीक माती खाते आणि भट्टीत इंधन जाळते. म्हणूनच ती कमीत कमी वापरण्याचा बेकर यांचा आग्रह.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची कथा निराळी आहे. लुई कान यांनी 1962 पासून, बाळकृष्ण दोशी यांच्या सहकार्याने, तिची आखणी केली. तेथील हवा कोरडी व प्रखर. कान यांनी प्रत्येक मजल्यावर दहा-दहा खोल्या जिना व चहापानाच्या जागेभोवती गुंफल्या, लांबलचक बोळ टाळले, इमारती वाऱ्याच्या दिशेचा विचार करून तिरप्या मांडल्या, आणि विटांच्या प्रचंड कमानी व वर्तुळाकार खिडाऱ्यांमागे सावलीची जागा ठेवली. ऊन बाहेरच्या भिंतीवर अडते. खोली तिच्या आड राहते.

परंतु इमारत हवामानास अनुकूल असली तरी तिला जपावे लागते. कालांतराने येथे विटा झिजल्या, ओल शिरली, बांधकामातील लोखंड गंजले. 2001 च्या भूकंपाचाही तडाखा बसला. डिसेंबर 2020 मध्ये संस्थेने जुन्या 18 वसतिगृहांपैकी 14 पाडण्याचा बेत जाहीर केला. देशविदेशांतून विरोध झाल्यावर 1 जानेवारी 2021 रोजी तो मागे घेण्यात आला. नोव्हेंबर 2022 मध्ये मात्र संस्थेने पुनर्बांधणीचा प्रश्न पुन्हा उपस्थित केला.

सुरक्षिततेची काळजी गैर म्हणता येणार नाही. छताचा ढलपा ज्याच्या उशाशी पडेल तो विद्यार्थीच. तथापि या वादात कलामूल्याची चर्चा जितकी झाली, तितकी त्या विटांत एकदाच खर्ची पडलेल्या इंधनाची झाली नाही. जुनी इमारत पाडली की तो खर्च मातीत जातो आणि नव्या सिमेंट-पोलादासाठी तो पुन्हा करावा लागतो. नव्या इमारतीने वीज वाचविली तरी ही तूट भरून यावयास वर्षे लागतात. दुरुस्ती शक्य आहे किंवा कसे, याचा अंदाज त्याच आवारात मिळतो. मुंबईच्या ब्रिंदा सोमय्या यांच्या संस्थेने तेथील ग्रंथालयाचा जीर्णोद्धार केला, त्यास 2019 साली युनेस्कोचा पुरस्कार लाभला. आणि वसतिगृहांपैकी पंधराव्या क्रमांकाचे काम हाती घेण्यात आले ते नमुना म्हणूनच.